लोड टेस्टला आत माणूस नसतो

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी थोरल्याने बोटाच्या पेराएवढी कागदाची पुडी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ही माझ्या हत्यारांच्या पेटीत कोणी ठेवली?"

पुडी बंद होती. फक्त एका कोपऱ्याची घडी अर्धवट सुटलेली होती. थोरला धरून टेबलाभोवती सहा माणसं होती. कोणी हात पुढे केला नाही आणि 'हे काय आहे' असंही कोणी विचारलं नाही. या घरात ते विचारायची गरज आता उरली नव्हती.

बैठक बाबांनी वेगळ्याच कामासाठी बोलावली होती. उद्या सकाळी नऊ वाजता सहा मजली दवाखान्याच्या मोठ्या लिफ्टची वार्षिक तपासणी होती. ती लिफ्ट आजोबांनी बसवली, बाबा आणि काकांनी तिची मोटर बदलली, आणि नऊ वर्षं तिच्या दाखल्यावर थोरल्याची सही होती. एकशे सतरा दिवसांपूर्वी वृद्धांच्या एका वसतिगृहातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये घसरली. आत दोन बायका होत्या, एकीचा घोटा मोडला. त्या लिफ्टचा ब्रेक तपासला आहे असा दाखला थोरल्याने दिलेला होता. तो ब्रेक त्याने बघितलासुद्धा नव्हता. एकाच बैठकीत, एकाच पेनाने, त्याने तीन दाखल्यांवर सह्या मारल्या होत्या. कोकेनचं सगळं त्या आठवड्यात बाहेर आलं. तेव्हापासून सहीचा अधिकार आणि गोल शिक्का धाकटीकडे होता.

धाकटी म्हणजे थोरल्याची बहीण, वय चौतीस, घरातली एकुलती एक शिकलेली इंजिनीअर. शिक्का आताही तिच्या पिशवीत होता, पिशवी तिच्या पायाशी होती. तो आज थोरल्याला परत द्यायचा का, हे ठरवायला सगळे जमले होते. तिचं उत्तर कालपासून तयार होतं. नाही.

"पुडी कुणाची, ते तुलाच ठाऊक," काका म्हणाले. बाबांचे धाकटे भाऊ, घरच्या लिफ्टच्या कारखान्याचे अर्धे मालक. बोलताना त्यांना चहाच्या कपात बघायची सवय होती. "आम्हाला कशाला विचारतोस?"

"माझीच आहे, काका. घडी ओळखतो ना मी. तीन आडव्या, एक उभी. दुसरं कोणी अशी घालत नाही. माझ्या जुन्या जॅकेटमधली आहे ही. पण जॅकेटमधलं सगळं तेव्हाच फेकून दिलं, असं मला सांगितलं होतं."

"जॅकेट मी धुतलं," आई म्हणाली. "खिसे मी स्वतः उलटे करून बघितले. एक तिकीट निघालं आणि एक स्क्रू. शपथेवर सांगते."

"तुझ्यावर कोण संशय घेतंय, आई?"

"मग कोणावर घेतोयस?"

काकांनी कप खाली ठेवला. "ऑफिसच्या कपाटांच्या किल्ल्या हल्ली असतात कोणाकडे? हत्यारांच्या पेट्या शुक्रवारी मोजून आत कोण लावतं? इंजिनीअरीण बाई."

"काका, बोलायचं तर सरळ बोला," वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, म्हणाली.

"सरळच बोलतो. आज शिक्का परत जायचा होता. नेमकी आता पेटीतून पुडी निघाली. मग शिक्का राहतो कोणाकडे? मी नाव घेतलेलं नाही."

"घ्यायचं काय राहिलंय?" धाकटी म्हणाली.

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू असं करणार नाहीस."

"आई, हे तू सांगतेयस की विचारतेयस?"

आई साडीचा काठ नीट करू लागली. धाकटीला त्याहून जास्त लागलं ते वहिनीचं गप्प बसणं. एकशे सतरा दिवस रोज संध्याकाळी सहाला या दोघी फोनवर बोलत होत्या. आज जेवला का, कोणाचा फोन आला होता का, किती चिडला, किती वेळ न्हाणीघरात होता. घरातल्या कुठल्याही दोन माणसांमध्ये नव्हतं एवढं सरळ बोलणं त्यांच्यात होतं. आणि आता वहिनी टेबलाच्या लाकडाकडे बघत होती.

धाकटीला राग आला की ती वेळा विचारते. आताही तिने तेच केलं. "कधी सापडली?"

"काल दुपारी. तीन चाळीस."

"दवाखान्याच्या मशीन रूममध्ये?"

"हो. फट मोजायचं फीलर गेज काढायला वरचा कप्पा उचलला. खाली ही."

तिला ती वेळ आठवत होती. नव्वद दिवस पुरे झाल्यावर थोरल्याला पुन्हा कामावर घेतलं होतं, पण हाताखालचा माणूस म्हणून. वंगण, सफाई, मोजमाप. सही नाही, आणि एकट्याने काही नाही. एक जण छतावरच्या मशीन रूममध्ये, दुसरा खाली लिफ्टच्या केबिनमध्ये, आणि मधला फोन सतत चालू. हा नियम आजोबांपासूनचा होता, थोरल्यासाठी काढलेला नव्हता. काल वर थोरला होता आणि खाली ती. ब्रेकच्या फटीचा आकडा तो सांगणार आणि ती लिहून घेणार, असं चाललं होतं. मग फोनवर नुसता मोटरच्या पंख्याचा आवाज येत राहिला. ती केबिनमध्ये वाट बघत उभी राहिली. शेवटी वैतागून म्हणाली, "दादा?" थोड्या वेळाने आवाज आला, "आहे." आणि नंतर, "आज इतकंच. मी खाली येतो." काम अर्धं टाकून आला म्हणून परतीच्या वाटेवर तिने त्याला चार शब्द सुनावले होते.

"आणि मग कालपासून ही होती कुठे?" काकांनी विचारलं. "रात्रभर घरात? अरे, फेकली का नाहीस? संडासात टाकायला काय लागतं?"

"बारा पावलं लागतात," थोरला म्हणाला. "आमच्या घरात पेटीपासून संडासापर्यंत बारा पावलं आहेत, काका. हातात पुडी घेऊन बारा पावलं मी चाललो नसतो. सहाव्या पावलाला कडी लावली असती आतून. पेटीचं झाकण बंद करणं, एवढंच मला जमत होतं. तेवढं केलं. कुलूप लावलं, किल्ली हिच्या हातात दिली."

"पेटी माझ्या कपाटात होती," वहिनी म्हणाली. "आत काय आहे ते मला आज सकाळी सांगितलं. आज सकाळी." शेवटचे दोन शब्द नवऱ्यासाठी होते.

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?"

"नसतेच झोपले. तू झोपलास?"

"नाही."

"मग दोघं जागलो असतो."

बाबा इतका वेळ काही बोलले नव्हते. बहात्तर वर्षांचे, खांदे अजून ताठ, डाव्या हाताची करंगळी तरुणपणी लिफ्टच्या लोखंडी दोराखाली गेलेली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरातसुद्धा ते तो काढत नसत. त्यांनी पुडीकडे बघितलं, सुटलेल्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि खिडकी उघडली म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "मी ठेवली."

काकांचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"मी ठेवली," बाबांनी पुन्हा सांगितलं. "शुक्रवारी संध्याकाळी. जॅकेट धुवायला टाकायच्या आधी मीच खिसे बघितले होते. तिजोरीत ठेवलं होतं सगळं."

"तुम्ही मला सांगितलंत की गटारात टाकलं," आई म्हणाली.

"तुला झोप लागावी म्हणून सांगितलं."

"आणि त्याच्या पेटीत कशासाठी ठेवलं? त्याला झोप लागावी म्हणून?"

"चाचणी केली." बाबांचा आवाज चढला नव्हता, पण हनुवटी वर आली होती. "चोरी नाही केली, तोंड लपवायचं काम नाही केलं. चाचणी केली. चार महिने ऐकतोय. डॉक्टरीण म्हणते सुधारतोय. समुपदेशक बाई म्हणते अजून सहा महिने. ही म्हणते नाही. तू म्हणतेस देव बघतोय. अरे, पण आकडा कोण देतंय? ब्रेक दुरुस्त केला, लायनिंग बदललं, स्प्रिंग आवळली. मग पुढे काय करतो आपण? हात जोडून बसतो? वजनं भरतो. जेवढी क्षमता त्याच्या सव्वापट. खाली सोडतो, वीज तोडतो आणि बघतो, धरतो की नाही. उद्या त्या लिफ्टमधून स्ट्रेचर जाणार आहेत. मला कळायला नको?"

धाकटीला जाणवलं की काका भावाच्या बाजूला सरकताहेत. अंगाने नाही, पण चेहऱ्याने. इतकी वर्षं ज्या पद्धतीने काम केलं, त्या पद्धतीचंच वाक्य होतं ते. काकांच्या कानाला ते ओळखीचं लागलं.

"तसं बघितलं तर," काका म्हणाले, "खोटं नाही काही त्यात."

"आणि धरला!" बाबांनी टेबलावर तळहात टेकवला. "पुडी समोर आहे. बंद आहे. वीस तास झाले, घेतली नाही. धरला ब्रेक. आता आणखी काय पाहिजे? मी या पोराला लहानपणापासून ओळखतो. मनाने घेतलं की हा करतो. आण गं तो शिक्का."

धाकटीने पिशवीला हात लावला नाही.

"आण म्हणतो ना."

"बाबा," थोरला म्हणाला, "लोड टेस्ट झाली की तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता?"

"किती घसरली."

"मग विचारा ना."

थोरल्याने बोटाने पुडीचा सुटलेला कोपरा दाखवला. बोट टेकवलं नाही, दोन इंचांवर थांबवलं. धाकटीने ते अंतर बघितलं.

"एवढी घसरली. हा कोपरा मी उघडला. मी म्हणजे, माझ्या बोटांनी. कप्पा उचलला, ही दिसली, आणि तोंडात चव आली. कागद बंद, काही केलेलं नाही, आणि जीभ बधिर. नंतरचं मला नीट आठवत नाही, पण बोटं घडी उलगडत होती आणि मी बघत होतो. जसं दुसऱ्या कोणाचं काम चाललंय. डोक्यात एकही विचार नव्हता, बाबा. बायको नाही, पोरगी नाही, घोटा मोडलेली ती बाई नाही. मनाने घेतलं की करतो म्हणता, पण तिथे मनाला कोणी विचारायलाच आलं नव्हतं."

"पण थांबलास ना?"

"ही फोनवर 'दादा' म्हणाली." त्याने बहिणीकडे बघितलं नाही. "म्हणून हात थांबला. शिंकली असती तरी थांबला असता. खाली तिला कोणाचा दुसरा फोन आला असता आणि ती अर्धा मिनिट गप्प राहिली असती, तर तुमच्या चाचणीचा आकडा वेगळा आला असता. ब्रेकने नाही धरलं. नशिबाने धरलं. नशिबावर दाखला देतो का आपण?"

धाकटीने कालचे चार शब्द आठवले. 'काम अर्धं टाकायचं असेल तर उद्यापासून येऊ नकोस,' हे त्यातलं एक वाक्य होतं.

"पण तुला नको आहे ना ती?" आईने विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता. "खरं सांग. आता नको वाटते ना?"

"नको आहे, आई. आवडत पण नाही. शेवटचं वर्षभर आवडत नव्हती."

"मग?"

"आवडणं वेगळं आणि ओढ वेगळी. डोक्यात ती दोन वेगळी खाती आहेत म्हणे. पहिल्यांदा घेतली तेव्हा डोक्यात एक रसायन साचलं, निचराच होईना त्याचा. वाटलं, सगळं जमतं मला. तीन दाखले काय, तीस देईन. मग डोकं ते रसायन ओळखायचंच कमी करत गेलं. जेवण बेचव, गाणं बेचव, पोरीनं मिठी मारली तरी सपाट. पण खुणा मात्र पक्क्या बसल्या. कागदाची घडी, ते जॅकेट, मशीन रूममधला उकाडा. खूण दिसली की खालचा भाग धावत सुटतो. आणि इथे," त्याने कपाळावर दोन बोटं ठेवली, "थांब म्हणणारा जो भाग आहे, तो ढिला पडलाय. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं चित्र दाखवलं, तिथे उजेड कमी होता. परत येतो म्हणतात. हळूहळू येतो. महिने लागतात, काहींना वर्षं. आणि जितक्या वेळा खूण समोर ठेवाल तितकी ओढ जागी होते. हे असं वजन ठेवून बघायचं काम नाही, बाबा."

"ब्रेक म्हणजे ब्रेक," बाबा म्हणाले.

"नाही ना. आपल्या लिफ्टचा ब्रेक वीज गेली की आपोआप बसतो, बरोबर? स्प्रिंग दाबते त्याला. सोडवायला वीज लागते. माणसाचा उलटा आहे. धरून ठेवायला वीज लागते. झोप झाली नाही, भांडण झालं, उपाशी राहिलो, की धरणारा हातच दमतो. तुम्ही मला आपली लिफ्ट समजून तपासलंत."

काकांनी हळूच मान हलवली. कोणाच्या बाजूने, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं.

"मी एक विचारू?" धाकटी म्हणाली. ती उभी राहिली होती हे तिला नंतर कळलं. "लोड टेस्टच्या आधी आपण काय करतो, काका?"

"पाट्या लावतो."

"कुठे?"

"प्रत्येक मजल्यावर. चाचणी चालू, लिफ्ट वापरू नये."

"आणि केबिनमध्ये काय असतं?"

"वजनं."

"आणि माणूस?"

काकांनी भावाकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही सांगा. माणूस असतो आत?"

बाबांच्या तोंडाची रेघ घट्ट झाली.

"नसतो," ती म्हणाली. "आजोबांनी एका मेकॅनिकला याच गोष्टीवरून कामावरून काढलं होतं, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितलीत. चांगला कारागीर होता, वजनं उचलायचा कंटाळा केला म्हणून स्वतःच आत उभा राहिला. काही झालंही नाही त्याला. तरी त्याच दिवशी त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या. लोड टेस्टला आत माणूस नसतो. तुम्ही पाटी लावली नाही आणि आत माणूस भरला. तोही न सांगता."

"तू मला काम शिकवतेस?"

"तुमचंच शिकलेलं सांगतेय. जबाबदार व्यक्ती म्हणून दाखल्यावर माझं नाव आहे, म्हणून सांगतेय." तिने हात पुढे केला. "किल्ल्या द्या, बाबा. मशीन रूमच्या, तिजोरीच्या, सगळ्या. तुम्ही कामावरून बंद."

आईने श्वास आत घेतला तो ऐकू आला.

"वेड लागलंय का तुला?" काका उठले. "कोणाशी बोलतेस?"

"वडिलांशी. म्हणून हात पुढे केलाय. दुसरा कोणी असता तर पत्र पाठवलं असतं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "बघ. तुझ्यासाठी केलं, आणि ही माझ्या कमरेला हात घालते. सांग हिला. उद्या सही तू कर, म्हणजे हा तमाशा इथेच संपेल."

"मला नको सही."

"काय?"

"नको. आज नको, आणि एकशे सतराचे दोनशे सतरा झाले तरी तुम्ही म्हणता म्हणून नको." थोरल्याचा आवाज आता चढला. "चार महिने सगळे मला एकच विचारताय, कधी पहिल्यासारखा होणार. पहिल्यासारखाच तर होतो मी, म्हणून हे झालं! सही माझी, शिक्का माझा, मला विचारणारं कोणी नाही. मी आता तसा होणार नाही. कोणाच्याही समाधानासाठी नाही. आयुष्यभर वंगण लावत बसेन, पण फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागेल मला. त्याची लाज तुम्हाला वाटते. मला नाही वाटत."

"लाज कसली वाटेल तुला? लोकांसमोर मान खाली माझी जाते."

"तर जाऊ दे की!" हे आई बोलली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आई बाबांकडे वळली होती, आणि चौतीस वर्षांत धाकटीने तिला त्यांच्याशी त्या आवाजात बोलताना ऐकलं असेल तर एकदाच.

"जाऊ दे खाली. मोडणार आहे का? माझ्या पोराच्या पेटीत तुम्ही विष ठेवलंत आणि मला सांगितलंत गटारात टाकलं. मी चार महिने रोज विचारत होते, आता घरात काही नाही ना? आणि तुम्ही मान डोलावत होतात. द्या तिला किल्ल्या."

बाबा हलले नाहीत. आईने स्वतः वाकून त्यांच्या पट्ट्याची कडी सोडवली. तिच्या बोटांना सांधेदुखी होती, वेळ लागला. त्यांनी अडवलं नाही, मदतही केली नाही. जुडगा टेबलावर पडला तेव्हा काका पुन्हा खाली बसले.

"आता ही टाका एकदाची," वहिनी म्हणाली. तिने पुडीवर वाटी पालथी घातली, नवऱ्याला खुर्ची मागे घ्यायला सांगितली, आणि मग धाकटीकडे बघितलं. "तू ये माझ्याबरोबर. दोघी जाऊ." थोडं थांबून म्हणाली, "मघाशी मी बोलायला हवं होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "हवं होतं."

वहिनीने पुडी वाटीत झाकून घेतली आणि दोघी निघाल्या. दारात पोहोचल्यावर धाकटी थांबली. बाबांनी वापरलेला एक शब्द तिला खुपला होता. 'सगळं' तिजोरीत ठेवलं होतं, असं ते म्हणाले होते. एका पुडीला कोणी सगळं म्हणत नाही.

"बाबा, खिशात एकच होती ना?"

घड्याळात अकरा पन्नास झाले होते. बाबांनी उत्तर द्यायला जो वेळ घेतला, त्यात वहिनीने वाटीवरचा हात घट्ट केला.

"दोन," बाबा म्हणाले.

"दुसरी कुठे आहे?"

"तिथेच. मशीन रूममध्ये. कंट्रोल पॅनलच्या दाराला आतून खण आहे, नकाशा ठेवायचा, त्यात." आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "एका चाचणीवर आपण दाखला देत नाही."

आता सगळे थोरल्याकडे बघत होते. आईसुद्धा. ज्या आईने मिनिटापूर्वी त्याच्यासाठी पट्ट्याची कडी सोडवली होती, तीच आई. धाकटीने स्वतःलाही तसंच बघताना पकडलं.

"मी पॅनल उघडलं नाही," थोरला म्हणाला.

काका त्याच्या हातांकडे बघत होते.

"उघडलं नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका." तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली. "प्रयोगशाळा रविवारी दोनपर्यंत उघडी असते. लघवीचा नमुना देऊन येतो. ही येईल बरोबर. तुमच्यासाठी नाही जात, बाबा. तुम्ही हक्काने मागितला असता तर दिला नसता."

पहिली पुडी अकरा पंचावन्नला पाण्यात गेली. दोघी समोर उभ्या होत्या, दोनदा पाणी सोडलं.

साडेबाराला धाकटी आणि काका दवाखान्यात पोहोचले. वाटेत काका एवढंच म्हणाले, "किल्ल्या काढून घ्यायला हव्यात हे मला कळलं नाही असं तुला वाटत असेल. कळलं होतं. पण मला जमलं नसतं." मशीन रूममध्ये उकाडा होता. तिने पॅनलचं दार उघडलं. खणात वायरिंगचा नकाशा होता, त्याच्या घडीत एक जळका फ्यूज, तळाशी धूळ. धुळीत पुडीएवढी चौकोनी जागा स्वच्छ होती.

काकांनी टॉर्च मारून फरशी, मोटरखाली, दोराच्या भोकांपर्यंत सगळं बघितलं. काही नव्हतं.

खाली पहारेकऱ्याकडे मशीन रूमच्या किल्लीची वही होती. शुक्रवार संध्याकाळपासून तीन नोंदी होत्या. शुक्रवारी सहा वाजता बाबा. शनिवारी दुपारी ती आणि थोरला. रविवारी सकाळी साडेसातला दवाखान्याचा वायरमन, कारण लिहिलं होतं 'दिवा बंद'. मशीन रूममधला दिवा लागत होता. वायरमनची पाळी दहाला संपली होती आणि त्याचा फोन बंद होता. धाकटीने पहारेकऱ्याला सांगून ठेवलं, उद्या तो येईल तेव्हा आधी मला कळवायचं. मग ती पुन्हा वर गेली आणि पॅनलला आपलं कुलूप लावून आली.

सव्वादोनला वहिनीचा फोन आला. नमुना एक पस्तीसला दिला. प्रयोगशाळेतली बाई आत उभी राहिली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. निकाल मंगळवारी दुपारी बारापर्यंत.

"कसा आहे?" धाकटीने विचारलं.

"चिडलाय. सरळ चालतोय, चिडलाय. घे, बोल."

"उद्या नऊला मी येणार," थोरला म्हणाला. "सांगून ठेवतो. निकाल यायचा तेव्हा येऊ दे. लपून बसणार नाही."

"मशीन रूममध्ये मी असेन," ती म्हणाली. "तू खाली, केबिनमध्ये. वजनं भरून झाली की बाहेर उभा राहायचं. फोन चालू ठेवायचा."

"आणि बाबा?"

"बाबा घरी."

पलीकडून नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. तिने या वेळी वाट बघितली नाही.

"दादा?"

"आहे."

संध्याकाळी पाचला तिने वायरमनला पुन्हा फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही.